काका, दुर्गा पोहोचत नाही

चारच शब्द, आणि तेही मिसळीत पापड चुरता चुरता, अगदी सहज म्हटलेले. "काका, दुर्गा पोहोचत नाही." आम्ही सहा जण होतो. गंगापूर धरणाकडे जाताना द्राक्षबागांना लागून जी मिसळीची ठिकाणं झाली आहेत, त्यांतल्या एका शेडखाली बसलेलो. समोर काळा रस्सा, वर तर्रीचा तवंग, दह्याची वाटी आणि नाशकात मिसळीबरोबर न मागता येतो तो पापड. आदल्या रात्री ऋत्विक घटकांचा 'मेघे ढाका तारा' पाहिला होता. सिनेमा रात्री संपला तरी भांडण सकाळसाठी राखून ठेवायचं ही आमची जुनी रीत. विषय ठरलेला, बंगाली सिनेमातले दोन थोर दिग्दर्शक, सत्यजित राय की घटक. मी राय पक्षाचा. पाव बाजूला ठेवून मी 'पथेर पांचाली'तला आगगाडीचा प्रसंग सांगत होतो: ते काशफुलांचं पांढरं रान, तारेच्या खांबाला कान लावून ऐकलेली गुणगुण, लांबून येणारा धूर, आणि मग रुळाच्या कडेला उभी दोघं भावंडं, दुर्गानं अपूचा हात घट्ट धरलेला, आणि दोघांच्या अंगावर धूर टाकून निघून जाणारी गाडी. "त्या एका हातात सगळे राय आहेत," मी म्हणालो, "एवढंच सांगायला घटकांना चाबूक ओढावा लागतो." 'मेघे ढाका तारा'त मागून चाबकाचा आवाज येतो, त्यावरचं हे वाक्य मी गेली वीस वर्षं निरनिराळ्या टेबलांवर टाकत आलोय. बरं जमलेलं वाक्य आहे. त्यावर आमच्यातला तो कॉलेजातला मुलगा ते चार शब्द बोलला.

मी हसलो. म्हटलं, बघ पुन्हा नीट. त्यानं मोबाइल काढून पाण्याच्या जगला टेकवला. उन्हात काही दिसेना, म्हणून कुणीतरी मेनूकार्डाची सावली धरली आणि आमची सहा डोकी त्या वितभर पडद्यावर वाकली. दोघं धावतात. दुर्गाचा पाय अडखळतो, ती पडते. अपू एकटाच पुढे जातो. मग कॅमेरा रुळाच्या पलीकडे, आणि धडाडत जाणाऱ्या चाकांमधून पलीकडचा तो एवढासा पोरगा दिसतो न दिसतो. कुणी कुणाचा हात धरलेला नाही. गाडी जाते. धूर राहतो.

तर्री गार झाली होती.

कुणी चिडवलं असतं तर बरं झालं असतं. आमच्यातले बँकवाले काका, घटकांचे कट्टर, एरवी अशी संधी सोडत नाहीत. पण त्यांनी माझ्याकडे न बघता जिलबीची बशी सरकवली आणि म्हणाले, "होतं असं." मग मी माणसं करतात तेच केलं. जे पक्कं ठाऊक होतं त्याचा मारा सुरू केला. हाच प्रसंग राय यांनी सगळ्यांत आधी चित्रित करायला घेतला, १९५२च्या ऑक्टोबरात. पुढच्या आठवड्यात उरलेलं काम करायला गेले तर सगळा काश गुरांनी खाऊन टाकलेला, म्हणून पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावं लागलं. छायाचित्रण करणारे सुब्रत मित्र तेव्हा अवघे एकवीस-बावीस वर्षांचे, आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलेलासुद्धा नव्हता. सगळं खरं. मुलगा नीट ऐकून घेत होता, "हो का काका?" म्हणत होता. त्याच्या त्या अदबीनंच जास्त लागलं. चित्रीकरणाचा महिना मला पाठ होता, आणि पडद्यावर समोर काय घडतं ते मात्र नव्हतं.

आमचा काही क्लब वगैरे नाही. महिन्यातून एका शनिवारी काकांच्या गच्चीवरच्या खोलीत जमायचं, भिंतीवर चादर लावायची, प्रोजेक्टर सुरू करायचा. त्या चादरीला उजव्या कोपऱ्यात खाली हळदीचा एक डाग आहे. कितीदा धुतली तरी जात नाही. तो डाग आम्ही स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या समुद्रावर पाहिलाय, जपानी ओझूच्या चटयांवर पाहिलाय, रशियन तार्कोव्हस्कीच्या पाण्याखाली पाहिलाय, आणि आता तो दिसला नाही तर सिनेमा सुरू झाल्यासारखं वाटत नाही. मंडळी ठरलेली. काका; फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम, ज्यांना इराणच्या किआरोस्तामीच्या पुढेमागे कुणी दिसत नाही; नाटकांची प्रकाशयोजना करणारा एक जण, जो गोष्टीकडे ढुंकूनही बघत नाही आणि खिडकी कुठल्या बाजूला आहे यावरून दिग्दर्शकाची लायकी ठरवतो; औषधाचं दुकान चालवणारा एक मित्र, ज्याला आम्ही पाऊसवाला म्हणतो, कारण घरात छतातून पाऊस पडत नसेल तर तो सिनेमाला सिनेमा म्हणत नाही. आणि वर्षभरापासून हा मुलगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही ज्या सिनेमांसाठी पुण्याला, मुंबईला एसटीनं गेलो, रात्री स्टँडवर बसून काढल्या, ते त्यानं पलंगावर लोळत पाहिलेत. आणि आमच्यापेक्षा नीट पाहिलेत, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भांडणाचा नियम साधा आहे. तीन दिग्दर्शक, प्रत्येकाचा एक सिनेमा, आणि वर्षभर बदल नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण बर्गमनचा एकच निवडायचा म्हटला की 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' म्हणणारे आणि 'पर्सोना' म्हणणारे ही दोन वेगळी कुळं आहेत, त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाही. ३० जुलै २००७ला बर्गमन आणि इटलीचे अँतोनिओनी एकाच दिवशी गेले, तेव्हा आधी कुणाचा सिनेमा लावायचा यावरून काका आणि पाऊसवाला दोन महिने बोलत नव्हते. शेवटी दोघांचाही लागला नाही. मराठीवर आलो की आवाज आणखी चढतात, कारण तिथं सगळ्यांनाच अधिकार असतो. मॅडम 'विहीर'साठी प्राण देतील. मला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'वास्तुपुरुष' दर दोन-तीन वर्षांनी पाहावासा वाटतो आणि दर वेळी तो निराळ्या जागी टोचतो. राय यांचा सर्वांत घडीव सिनेमा 'चारुलता', हे मला कळतं. पण जीव 'जलसाघर'वर आहे, त्या पडक्या हवेलीतल्या झुंबरावर. कळणं आणि जीव असणं यांतली ही फट कुठल्याच यादीत मावत नाही, म्हणून तर दर वर्षी नवी यादी करायची. तार्कोव्हस्कीबद्दल माझं मत असं की माणूस थोर, भक्त असह्य. 'नॉस्टॅल्जिया'त रिकाम्या कुंडातून मेणबत्ती विझू न देता पलीकडे न्यायचा तो लांबलचक शॉट सुरू झाला की पाऊसवाला श्वास रोखून बसतो, आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसतो. तोही एक बघण्यासारखा शॉट असतो.

पण त्या रविवारी घरी येताना हे काहीच डोक्यात नव्हतं. चूक झाली याचं एवढं काही नाही. मी एका कंपनीत क्वालिटी बघतो, आठवड्याला शंभर चुका बघतो. चूक कशी झाली हे कळल्याशिवाय मात्र मला झोप येत नाही. पडलेल्या दुर्गाला उचलून मी रुळापर्यंत का नेलं? आणि हात? सिनेमात नसलेला तो हात मी कुठून आणला?

सिनेमा पाहिला तेव्हा मी सातवीत असेन. वडील प्रेसमध्ये, आम्ही नाशिकरोडला. रविवारी दुपारी दूरदर्शनवर मूकबधिरांसाठीच्या बातम्या झाल्या की प्रादेशिक चित्रपट लागायचा. आमच्या चाळीत त्या वेळी टीव्ही बंद करून झोपण्याची पद्धत होती. कारण त्या सिनेमांत कुणी गात नसे, कुणी मारामारी करत नसे आणि खाली इंग्रजी पाट्या येत, त्या वाचून होण्याआधी पळून जात. मी का बघायचो, सांगता येत नाही. झोप यायची नाही, एवढंच खरं कारण असावं. आमचा टीव्ही कृष्णधवल, त्यात अँटेनावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. फरशी गार. बाहेर वडिलांचं घोरणं. आणि रेल्वेलाइन इतकी जवळ की मेल गेली की मांडणीतली भांडी हलायची. त्यामुळे त्या दुपारी अपूची गाडी नक्की कुठून आली, टीव्हीतून की खिडकीतून, हे मला तेव्हाही नीट कळलं नसणार. मुलाच्या मोबाइलवरची प्रत लखलखीत होती. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या, आणि त्यांतून जे वाचलं ते साफ करून, जोडून २०१५ साली नवी प्रत उभी केली, ती ही. काशाचा एकेक तुरा मोजून घ्यावा. माझ्याजवळची प्रत मुंग्यांची, मेलच्या धक्क्यानं हललेली. पण तिच्यात ताई होती. माझ्या शेजारी, फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. हे मला स्पष्ट दिसत होतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मनमाडला दिली. मेहुणे रेल्वेत. रात्री जेवणं झाल्यावर फोन लावला आणि विचारलं, "ताई, तो आगगाडीचा बंगाली सिनेमा आठवतो का गं? आपण नाशिकरोडला रविवारी पाहिलेला?"

"आपण नाही. तू पाहिलास," ती म्हणाली. "मी आत होते."

मी म्हटलं, नाही गं, तू माझ्याशेजारी होतीस. ती म्हणाली, "अरे, त्या दिवशी आत्याकडची माणसं जेवायला होती. उशिरा आली, उशिरा बसली. तुम्ही सगळे जेवून बाहेर पसरला होतात, आमची पंगत राहिली होती. टीव्हीवर गाडीची शिट्टी झाली तर मला वाटलं, खरीच, एवढी जवळून कशी गेली, म्हणून झारा हातात घेऊनच दारात आले. तेवढ्यात आईनं हाक मारली. कढईतला पापड लाल झालेला. पाहुण्यांसमोर बोलणी बसली, म्हणून तर लक्षात राहिलंय. सिनेमा काय होता कुणास ठाऊक." आणि मग, मी गप्प झालो म्हणून असेल, हसून म्हणाली, "मला कसलं गाडीचं कौतुक सांगतोस? इथं रात्रभर उशाशी धडधडत असतात."

नंतर तिनं मेहुण्यांच्या बढतीचं सांगितलं, भाच्याच्या क्लासची फी सांगितली. मी हं हं करत होतो.

हाताचा उलगडा त्या रात्री उशिरा झाला. हात खरा होता. शाळेत जाताना आम्हाला रूळ ओलांडून जावं लागे आणि ताई माझं मनगट इतकं आवळून धरायची की वर्गात जाईपर्यंत लाल वळ राहायचा. मी तो सोडवून घ्यायला झटके द्यायचो. म्हणजे हात तिथला आणि सिनेमा इथला, आणि मधलं शिवणकाम माझं. चूक कशामुळे झाली ते सापडलं की मला एरवी बरं वाटतं. या वेळी नाही वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला, तिचाच. मला सकाळचा वाद जिंकायचा होता, किमान हरलो कसा ते टेबलावर मजेत सांगायचं होतं. तिनं पापड मध्ये आणला.

आणि मग तो पापड जिथं तिथं दिसायला लागला. दोन वर्षांपूर्वी आम्ही शांताल आकेरमानचा 'ज्यान दिएलमान' पाहिला होता. जगभरच्या समीक्षकांच्या कौलात २०२२ साली तो पहिला आला आणि आमच्याकडे महिनाभर रण माजलं, म्हणून मुद्दाम लावला. २०१ मिनिटं. ब्रुसेल्समधली एक विधवा बाई, तिचं स्वयंपाकघर, आणि पंचविशीतल्या दिग्दर्शिकेनं न हलवता तिच्यासमोर ठेवलेला कॅमेरा. बाई बटाटे सोलते, आपण बघतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात, आणि एवढ्याशा गोष्टीनं पोटात गोळा येतो. त्या रात्री आम्ही फार उंचीचं बोललो. काळ, देह, श्रम, असे शब्द. मीही बोललो. बोलताना खालून आलेली थालीपीठं खाल्ली, आणि तीन तास बाईला भांडी घासताना बघून झाल्यावर आमच्या बश्या, कप तसेच ठेवून निघालो. मॅडम तेवढ्या अर्ध्यातून गेल्या होत्या. मुलीचा सकाळचा डबा होता. काकांनी त्यांना दारात म्हटलं होतं, "शेवट चुकतोय तुमचा, सगळं शेवटातच आहे." त्यांनी चपला घालता घालता म्हटलं, "शेवट मला माहितीय." आम्ही समजलो, वाचला असेल कुठेतरी.

पांडवलेण्यांवर मी आठवड्यातून दोनदा सकाळी चढतो. खाली फाळके स्मारक. आम्हा नाशिककरांना फाळक्यांचं किती सांगायचं असतं ते बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना विचारावं. त्र्यंबकचा माणूस, शेवटही इथंच, नाशकात. माझे ठरलेले किस्से आहेत. 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. इथं पाहुणे हसतात. मग मी फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं सांगतो. सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या, आणि रात्री बसून फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुण्याचं कामही शिकून घेतलेलं. "आणि बरं का, स्वयंपाक करून हे सगळं!" असं मी म्हणतो, आवाज जरा चढवून, कारण इथंही पाहुणे हसतात. त्या आठवड्यात उतरताना पायऱ्यांवर मध्येच थांबलो. माझा तो 'बरं का' कानात वाजला. पाय दुखत होते असं बरोबरच्यांना सांगितलं.

पुढच्या बैठकीच्या शनिवारी, सिनेमा संपल्यावर, मी कप-बश्यांचा ट्रे उचलला आणि खाली घेऊन गेलो. थोडं नाटकीच झालं ते, मलाही कळत होतं. काकू हॉलमध्ये पाय वर घेऊन सीरियल बघत होत्या, आवाज एवढा बारीक की ओठांवरूनच कळत असावी. मला बघून दचकल्या. "अहो, ठेवा तिथं, कशाला उगाच! तुमचा तो गप्प सिनेमा चालू असतो ना वर, म्हणून आवाज बारीक करते. तुम्हाला त्रास नको." मी म्हटलं, काकू, एकदा वर या की बघायला. त्यांनी हात जोडले. "नको हो. एकदा बसवलं होतं यांनी. एक म्हातारा नुसता चालत होता. मला माझी ही बरी, रोज काहीतरी घडतं." आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या, कारण तिथं खरोखरच कुणीतरी कुणाच्यातरी कानाखाली वाजवली होती. मी ट्रे ओट्यावर ठेवला. विसळावेत का असा विचार केला, नळाला हातही लावला. मग तसाच वर आलो.

वर काका घटकांवरच होते. तीन आठवडे झाले तरी 'मेघे ढाका तारा' उतरला नव्हता. नीता तिच्या मित्राशी बोलत उभी असते आणि आई आतून बघते, कमावती मुलगी लग्न करून गेली तर घर कसं चालणार या भीतीनं. आणि चुलीवरचा उकळण्याचा आवाज वाढत वाढत जातो. काका तो आवाज तोंडानं काढून दाखवत होते, खद्खद, खद्खद, आणि त्यांचे डोळे भरले होते. नेहमी भरतात. "सांग, राय असं करतील?" त्यांनी मला विचारलं. मला उत्तर सुचत होतं. राय असं करणार नाहीत, ते दुर्गाला नुसतं पाडतील आणि कॅमेरा पलीकडे नेतील. पण मुलगा समोर बसला होता, म्हणून गप्प राहिलो. तो मोबाइलवर सगळ्यांच्या या वर्षीच्या याद्या भरत होता. माझ्या नावापुढची जागा अजून मोकळी आहे. "काका, तुमचे तीन?" त्यानं विचारलं. म्हटलं, देतो.

ताईला लिंक पाठवून ठेवली होती. तिनं अंगठा टाकला, आणि नंतर दहा-बारा दिवस काही नाही. मीही विचारलं नाही. परवा भाऊबिजेचं ठरवायला फोन केला, तर बोलता बोलता म्हणाली, "अरे, तो तुझा सिनेमा लावला बरं का. अर्धा झालाय. भांडी घासता घासता बघते, ओट्यावर फोन ठेवून." मी विचारलं, "गाडी आली का?"

"गाडीबिडी नाही आली अजून. पण ती म्हातारी कसली आहे रे! ते बोचकं उचलून निघते रुसून, आणि परत येते. आपली आजी, अगदी." मग थांबली, मागे पाण्याचा आवाज होता. "तिचं पुढे काय होतं, ते सांगू नकोस हं."